मंगळावरचा पाटकरी

माझ्या नवऱ्याला इंग्रजी येत नाही असं नाही. पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. पण इंग्रजी म्हणजे त्यांच्या लेखी टेंडरची आणि एस्टिमेटची भाषा. त्या भाषेत लोक गोष्टीही सांगतात, रडतात, एकमेकांची टर उडवतात, हे त्यांना लग्नानंतर माझ्यामुळं कळलं, असं मी म्हणते. ते म्हणायचे, कळलं खरं, पण ते कळायची गरज काय होती हे अजून कळलं नाही.

मी परभणीत कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर होता आणि त्या पेपरानं मला जन्माचं वेड लावलं. वर्गात मात्र त्या वेडाला गिऱ्हाईक नव्हतं. मी फळ्यापुढं उभी राहून भर समुद्रात वादळ उठवायचे आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, मॅडम, हे परीक्षेला येतंय का? त्यामुळं मनातलं बोलायला घरचा एकच माणूस उरायचा, आणि तो दिवसभर कालव्याच्या भरावावर फिरून धुळीनं माखून आलेला असायचा.

मग रविवारची दुपार ठरली. जेवणं झाली की ते आरामखुर्चीत पसरायचे, मी दिवाणावर मांडी घालायचे, आणि ते म्हणायचे, "हं, काढ तुझी पोथी."

पोथी हा शब्द त्यांनी चेष्टेत काढला असला तरी त्यामागं त्यांचं पोखर्णीचं लहानपण होतं. चातुर्मासात गावच्या देवळात पोथी लागायची. एकानं ओवी वाचायची आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचणाऱ्यानं अर्थ सांगायचा नाही, अर्थ सांगणाऱ्यानं पोथीला हात लावायचा नाही, आणि अर्थ पुरा झाल्याशिवाय पुढची ओवी नाही, अशी तिथली शिस्त. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे अर्थ सांगायला बसायचे. हुशारीमुळं, असं सासूबाई सांगत. खरं कारण असं की वाचणाऱ्याला गळा लागतो, आणि यांचा आवाज फुटक्या मडक्यासारखा. तीच शिस्त त्यांनी माझ्या अमेरिकन साहित्याला लावली. मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि थांबायचं. अर्थ ते सांगणार. त्यानंतर भांडण. भांडण मिटलं तर पुढचं पान, नाही तर पुढचा रविवार.

आणि काय काय अर्थ निघायचे! समुद्रावरची एक जाडजूड कादंबरी होती. माशानं पाय तोडला म्हणून एक कप्तान अख्खं जहाज घेऊन त्या माशाच्या मागं लागतो. तीवर आमचा अख्खा उन्हाळा गेला. मी नियतीचं सांगत होते, निसर्गाच्या अफाटपणाचं सांगत होते. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याला चार्ज दिला कुनी?"

"म्हणजे?"

"असा मानूस साइटवर एक दिवस ठेवायचा नसतो. मेडिकल करायचं अन् घरी बसवायचं."

"अहो, ती गोष्ट माणसाच्या अहंकाराची आहे."

"मी काय दुसरं सांगायलोय? त्याचं डोकं फिरलं, कबूल. पन हाताखालच्या एवढ्या लोकानं तोंड कामून उघडलं न्हाई, ते सांग."

हा प्रश्न मी पुढं वर्गात विचारला. अर्थातच माझा म्हणून.

तळ्याकाठी खोपटं बांधून एकटा राहिलेल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलेल्या एका माणसाचं मला फार कौतुक. त्याचं एक प्रकरण मी इतकं जीव लावून सांगितलं की माझेच डोळे भरून आले. यांनी विचारलं, गाव तिथून किती लांब? मी म्हटलं, फार नाही, चालत जाण्याइतकं. "मग हे जंगल कसलं? हा तर आखाडा झाला," ते म्हणाले. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. "निम्मी पोखर्णी आखाड्यावर राहती. कुनी लिव्हलं का पुस्तक? सकाळी भाकरी गावातून येतीच की." मी त्या दिवशी संध्याकाळचा चहा केला नाही. त्यांनी केला. त्यात साखर विसरले, आणि मी तो न बोलता प्याले, कारण बोलले असते तर भांडण मिटलं असतं.

त्या दुपारच्या बैठकीत तिसरा माणूस आला तो पेडगावचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आता निवृत्त. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली, आणि मोठ्या कष्टानं थोडी जमीनही घेतलेली. ती नेमकी चारीच्या टोकाला. चारी म्हणजे कालव्यातून गावाकडं पाणी नेणारी फांदी, आणि तिच्या शेवटाला आमच्याकडं शेतकऱ्यापासून साहेबापर्यंत सगळे टेल म्हणतात. टेलवरच्या माणसाचं दुखणं एकच, पाणी वरच्या गावांतच संपतं. गुरुजी ऑफिसात साहेब भेटत नाहीत म्हणून रविवारी घरी भांडायला आले होते. मी वाचत होते. ते दारात थांबले, मग पायरीवर टेकले, मग आत येऊन बसले. पान संपलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, म्होरं काय झालं?" भांडायचं त्यांच्या ध्यानातूनच गेलं. ते त्यांना पेडगावच्या निम्म्या रस्त्यात आठवलं, म्हणून पुढच्या रविवारी परत आले. त्या रविवारी भांडले, आणि मग बसून ऐकलं.

गुरुजी कमी बोलायचे. गुलामगिरीच्या काळातली एक कादंबरी आम्ही वाचली. पळून चाललेला एक गुलाम आणि त्याच्यासोबतचा एक गोरा पोरगा. त्या पोराच्या मनाची ओढाताण मी रंगवून रंगवून सांगत होते, की थोर लेखक माणसाच्या मनात कसा उतरतो बघा. गुरुजींनी प्रकरण संपू दिलं. मग म्हणाले, "वहिनी, ह्यात त्या पोराच्या मनाचं लय आलंय. त्या मानसाच्या मनाचं कुठं आलंय?" मी मागची पानं चाळली, पुढची चाळली. हे त्या दिवशी अर्थ सांगायला बसलेच नाहीत. म्हणाले, झाला की अर्थ.

मंगळाची गोष्ट आली ती एका बिनकव्हराच्या पुस्तकातून. स्टेशन रोडवरच्या रद्दीच्या दुकानात मिळालेलं. विज्ञानकथा हे नाव अजून नीट पडायचं होतं त्या काळातल्या अमेरिकन गोष्टींचा संग्रह. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळं कुठली गोष्ट कुणाची ते कधीच कळलं नाही. माझ्या प्राध्यापक मैत्रिणींत असल्या गोष्टींना मान नव्हता. मलाही आधी वाटलं, ही तर पोरांची पुस्तकं. पण वाचायला लागले आणि गुंतले. त्या लोकांनी रॉकेट पाहिलं नव्हतं, तरी रॉकेटात बसवलेल्या माणसाला घरची आठवण कशी येईल हे त्यांना बरोबर माहीत होतं.

त्या काळी दुर्बिणीतून मंगळावर रेघा दिसायच्या आणि काही विद्वानांनी ठरवून टाकलं होतं की ते कालवे आहेत. एवढं सांगितलं मात्र, हे खुर्चीत ताठ बसले.

"किती लांबीचे?"

"हजारो मैल. ध्रुवावरचा बर्फ वितळतो, ते पाणी विषुववृत्तापर्यंत."

"सिमेंटचं लाइनिंग का मातीचेच?"

"ते लिहिलेलं नाही."

"मातीचे असले तर निम्मं पानी रस्त्यातच जिरलं म्हन."

पुढं तिथं यानं गेली आणि कालवे नाहीत, तो नुसता डोळ्यांचा भास होता असं ठरलं, हे मी सांगितल्यावर त्यांचं तोंड उतरलं. घरचं कुणी गेल्यासारखे दोन दिवस गप्प होते. नंतर म्हणाले, सर्व्हे न करता नकाशा काढला की असंच होतं. पण गोष्टीतले कालवे त्यांनी सोडले नाहीत.

गोष्ट साधी होती. पृथ्वीवरचा एक माणूस यान बिघडल्यामुळं मंगळावर अडकतो. गावंच्या गावं ओस पडलेली. सरळ रेघेसारखा कालवा तेवढा चालू. त्या कालव्याच्या कडेनं चालत चालत तो एका दरवाज्यापाशी पोचतो, तिथं एक म्हातारा असतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. म्हातारा रोज उठतो, लोखंडी चाक फिरवतो, पहिला दरवाजा उघडतो. मग दुसरा, मग तिसरा, असा कालव्याच्या कडेनं खाली खाली जातो. पाणी मोकळ्या रानात पसरतं, जिथं पेरणारं कुणी नाही. अडकलेला माणूस खुणेनं विचारतो, कुणासाठी? म्हातारा लांब क्षितिजाकडं बोट दाखवतो, जिथं कालवा संपतो. शेवटी यान दुरुस्त होतं, माणूस परत निघतो, आणि वरून त्याला दिसतं की पार टोकाला एक हिरवा ठिपका आहे.

गेटकीपर या शब्दाला मी पाटकरी म्हटलं. आमच्याकडं पाळीप्रमाणं पाणी सोडणाऱ्याला पाटकरीच म्हणतात. हिरव्या ठिपक्यापाशी गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मी यांच्याकडं बघितलं. हे कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"आदी कोनता दरवाजा उघडला म्हन्लीस?"

"पहिला."

"हेडचा?"

"हो. मग खाली खाली."

"मग टेलला हिरवं कुठून आलं? लेखक चुकला."

आता हे समजून सांगायला हवं. पाणी सुटलं की आधी टेलच्या शेतकऱ्याला द्यायचं आणि मग वर वर सरकत यायचं, अशी रीत आहे. वरच्याच्या बांधावरून पाणी जातंच, त्याला कधीही घेता येतं. खालच्याच्या वाट्याला वरच्यानं सोडलेलं. म्हणून आधी टेल. कागदावर हे सगळीकडं असतं, पण ते पाळायचं तर कुणीतरी भरावावर उभं राहावं लागतं, आणि वरच्या गावांच्या शिव्या खाव्या लागतात. यांनी नोकरीभर त्या खाल्ल्या. गुरुजींशी दोस्ती झाली ती साहित्यामुळं असं मी समजते. गुरुजी समजतात की पाणी आलं म्हणून झाली.

"आशेचं प्रतीक आहे हो ते," मी म्हटलं.

"आशेनं पीक भिजत न्हाई. तू सांगताना आदी टेल असं सांग. लेखकाला कळत नव्हतं, तुला तर कळतंय."

"मी का बदलू? जे लिहिलंय ते लिहिलंय."

"चुकलेलं हाय."

"चुकलेलं असलं तरी त्याचं आहे. मला त्याचं सांगायचंय, तुमचं नाही."

हे भांडण मिटलं नाही. वर्षानुवर्षं मिटलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यातून मंगळ निघायचा. त्यांचंही म्हणणं मला पटायचं आणि माझंही सुटायचं नाही. एकदा पेडगावात शेतकऱ्यांची बैठक होती. यांनी तिथं ती गोष्ट सांगितली, अर्थातच दुरुस्त करून, आधी टेल. म्हणे लोक अगदी कान देऊन ऐकत होते. गोष्ट संपल्यावर मागून एक जण उठला आणि हात जोडून म्हणाला, "सायब, त्या पाटकऱ्याची आमच्याकडं बदली होती का बगा की." मंगळ हे वरच्या अंगाचं कुठलं तरी गाव असणार, असं त्या बिचाऱ्याला वाटलेलं. हे घरी येऊन हसून हसून बेजार झाले. मी म्हटलं, बघा, चुकीची गोष्ट सांगितली की असं होतं. ते म्हणाले, बरोबर गोष्ट सांगितली म्हणूनच त्यानं मागितला.

गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून पडला आणि तो उचलायला वाकलेले हे उठलेच नाहीत. नांदेडच्या दवाखान्यातून परत आलो तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि बोलणं गेलं होतं. पाय हळूहळू वळणावर आला. व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी यायची, ती यांना आजोबा आजोबा म्हणत पार ओसरीपर्यंत चालवून आणायची. हातात काठी आली. पण बोलणं येईना. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना बरंचसं, शब्द सापडत नाहीत. तुम्ही बोलत राहा, येतील तेवढे येतील.

एकच आवाज राहिला होता. हं. चहा पाहिजे? हं. पंखा बंद करू? हं. दुखतंय का? हं. दुखत नाही ना? हं. ते हं होकाराचं नव्हतं आणि नकाराचंही नव्हतं. कुणीतरी दार वाजवल्यावर आतून खाकरावं, तेवढंच ते. मला त्या हं ची भीती वाटायची. माणूस समोर बसलेला असताना त्याची आठवण येणं ही काय गोष्ट असते, ते मी तेव्हा शिकले. मला त्यांचं प्रेम नको होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मला त्यांनी एकदा, फक्त एकदा, माझं म्हणणं खोडून काढलेलं हवं होतं.

डॉक्टरांनी बोलत राहा म्हटलं, म्हणून मी पोथी काढली. रोज दुपारी. सगळी जुनी पुस्तकं पुन्हा. आता वाचायची मीच आणि अर्थ सांगायचीही मीच. आणि अर्थ कुठला, तर त्यांचा. कप्तानाला चार्ज द्यायलाच नको होता, नाही का हो? हं. तळ्याकाठचा तो आखाडाच म्हणायचा, तुमचंच बरोबर होतं. हं. आजारी माणसाचं मन मोडू नये, म्हणून मी आयुष्यभराच्या सगळ्या लढाया एकेक करून त्यांना देऊन टाकत होते. मंगळावर आले तेव्हा क्षणभर जीभ अडखळली. मग म्हटलं, जाऊ दे. सांगितलं, "पाटकरी आधी टेलला गेला आणि शेवटचा दरवाजा उघडला." मला वाटलं होतं, काहीतरी होईल. ओठ हलतील, डोळ्यांत चमक येईल, जिंकलो अशी. ते खिडकीबाहेर बघत होते. हं.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. शेंगा फोडायला घेतल्या आणि टरफलं डब्यात, दाणे केरात टाकले.

आमची मुलगी हैदराबादला असते. रोज व्हिडिओ कॉल करते. एकदा माझं वाचन चालू असतानाच तिचा फोन आला. मी फोन उशीला टेकवून ठेवला आणि वाचन पुरं केलं, अर्थासकट. ती पलीकडून ऐकत होती. मी फोन घेऊन आतल्या खोलीत आले तर म्हणाली, "आई, तू बाबांशी असं गोड गोड कधीपासून बोलायला लागलीस?"

"आजारी आहेत ते."

"हो, पण मला भीती वाटली ऐकून. त्यांना नसेल वाटत?"

मी तिच्यावर ओरडले. तिथं बसून सल्ले द्यायला सोपं आहे, वगैरे जे आया म्हणतात ते सगळं म्हटलं. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "हे बघ. हे तुझं खरं बोलणं."

फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिले. मुलगी बापावर गेलेली आहे, नेमकं दुखतं तिथं बोट ठेवते. मला एकदम दिसलं की मी त्यांच्यासाठी जागाच ठेवली नव्हती. वाचणाऱ्यानं अर्थ सांगायचा नाही ही शिस्त मी मोडली होती. आणि माझं म्हणणंच मी सोडून दिल्यावर त्यांनी खोडायचं तरी काय? इतके महिने मी त्यांची शुश्रूषा करत होते आणि त्यांना एकटं पाडत होते.

दोन-चार दिवसांनी गुरुजी आले. हरभरा भरला होता, पिशवीतून घाट्यांनी लगडलेले ढाळे घेऊन आले होते, हिरवेगार. यांच्या पायाशी बसून ढाळे सोलायला लागले. "साहेब, क्यानलला पानी सुटलंय," ते म्हणाले. "परवा-तेरवा आमच्याकडं येईल म्हन्तेत."

"हं."

"हरभरा लय झकास आलाय औंदा."

"हं."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी बिनकव्हराचं पुस्तक काढलं. दिवाणावर मांडी घातली. समजा हाही डाव गेला, तर मग पुढं काय, हे मला माहीत नव्हतं.

ओस पडलेली गावं वाचली. सरळ कालवा वाचला. म्हातारा उठला, चाकापाशी गेला. मी पुस्तकात लिहिलंय तसं, शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "पाटकऱ्यानं सगळ्यात आधी हेडचा दरवाजा उघडला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा." आणि थांबले.

यांचं तोंड खिडकीकडंच होतं. हं सुद्धा आलं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. गुरुजींना ती शांतता सहन होईना, ते काहीतरी बोलायला गेले, मी हातानं थांबवलं. अर्थ पुरा झाल्याशिवाय पुढची ओवी नाही. मी वाट बघत बसले. घड्याळाकडं बघितलं नाही. पुस्तकाकडंही नाही. त्यांच्या मानेकडं बघत होते, आणि ती मान वळताना मला दिसली.

कपाळाला आठी होती.

"न्हा..." ते म्हणाले. ओठ वाकडे झाले, पुन्हा सरळ झाले. "न्हाई."

गुरुजींच्या हातातला ढाळा तसाच राहिला.

"काय नाही?" मी विचारलं.

त्यांनी डाव्या हातानं काठी उचलली आणि फरशीवर आपटली. शब्द शोधताना सगळा चेहरा लाल झाला होता. "आ... आदी. टेल."

मला धावत जाऊन त्यांचं डोकं पोटाशी धरायचं होतं. सगळं अंग तिकडं ओढत होतं. पण मी जागची हलले नाही. मी त्यांची बायको आहे, मला माहीत आहे त्यांना काय हवं होतं.

"पुस्तकात हेड लिहिलंय," मी म्हटलं.

"चू... चूक."

"असू दे चूक. लिहिणारा कधीच मेला. आता कोण बदलणार ते?"

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं. किती महिन्यांनी माझ्याकडं कुणी असं रागानं बघत होतं! गालावरून घळाघळा पाणी वाहत होतं माझ्या, आणि ते मी पुसलं नाही. काठीचं टोक हळूहळू वर आलं आणि माझ्याकडं वळलं.

"तू," ते म्हणाले.

"मी नाही बदलणार," मी म्हटलं. "मरेपर्यंत नाही बदलणार. सांगा, काय करणार आहात?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गुरुजी खाली मान घालून रडत होते. मी पुस्तकावर बोट ठेवून तशीच बसून राहिले. पान उलटलं नाही, कारण अर्थ अजून पुरा व्हायचा होता.